एका घरात दोन गंगा

माहं माहेर सेनगाव तालुक्यातलं, गोरेगावाच्या पल्याड, गावाचं नाव सांगून तुमाला काय कळणार, पाटीसुद्धा न्हाई त्याला. वडलांनी सातवीपर्यंत शिकवलं, ते बी शाळा घरामागंच व्हती म्हणून. शाळेत नाव गंगा. लगीन होऊन कुरुंद्याला आले तर सासूचं नाव बी गंगा. आता काय सांगू तुमाला, सुनेनं सासूचं नाव घ्यायचं न्हाई, पोरानं आईचं घ्यायचं न्हाई, मग मला हाक मारायची कशी, म्हणून मालकांनी परातीतल्या तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं अन मी सुमन झाले. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात, पण त्या घरात कुणी गंगेला जाऊन येतो म्हणत नसे, नांदेडला जाऊन येतो म्हणायचे. इतका धाक.

रेशनकार्डात सुमन, मतदार यादीत सुमन. कितीक वर्षं सुमन म्हणून मताचे शिक्के मारले, त्यातून काय निपजलं ते तुमी पाहूनच राहिले.

मग गावात अंगणवाडीवर मदतनिसाची जागा निघाली. बाई सातवी पास पाहिजे अन गावचीच पाहिजे. सातवी पास व्हती गंगा, गावची व्हती सुमन. अर्ज घेणारे साहेब म्हणले, दोघी मिळून एक अर्ज करता का. मालक म्हणले, शाळेच्या दाखल्यावर सुमन करून घेऊ. मी म्हणलं न्हाई, सातवी गंगानं पास केली, सुमननं काय पास केलं, बदलायचं तर सुमनला बदला. तिसऱ्या दिवशी मालक मला गुमान वकिलाकडं घेऊन गेले. राजपत्रात नाव छापून आलं, मुंगीएवढ्या अक्षरात, पण वकिलानं कागद असा हाती दिला की जसं राज्यच देऊन राहिला.

राहिली मतदार यादी. नव्या नावानं रहिवासाचा पुरावा आठ दिवसांत द्यायचा व्हता, न्हाई तर जागा दुसरीला. वसमतला तहसिलीत अर्ज दिला तर तिथल्या साहेबानं यादीवर बोट ठेवलं. म्हणला या घरात गंगा हायेच, एका बाईची दोन मतं करून राहिले का. राजपत्र दाखवलं. म्हणला, हे नाव सांगतं, बाया दोन हायेत हे कुठं सांगतं, दुसरीला हजर करा.

आता दुसरीला सांगावं कुणी, तिला तर राजपत्राचा बी पत्ता नव्हता. मालकांना नेमकं रानातलं काम आठवलं. मीच गेले. आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, अंगणात हळद निवडत व्हत्या. सगळं सांगितलं, बराबर पहिल्यापासून. त्यांनी मान वर केली न्हाई, दोन मुठी हळद निवडली अन म्हणल्या, सकाळची बस किती वाजता हाये.

दुसऱ्या दिवशी आमी तिघं तहसिलीत गेलो, साहेबानं विचारलं, आजी नाव काय. गंगाबाई. अन हिचं? मालक आपल्या चपला पाहून राहिले. मग आत्याबाई म्हणल्या, हिचं बी गंगा, बापानं ठेवलेलं हाये. साहेब म्हणला, एका घरात दोन गंगा कशा हो आजी. आत्याबाई म्हणल्या, तुमच्या एका कचेरीत चार पाटीलसाहेब बसलेत, बाहेर शिपाई सांगत व्हता, ते कसे चालतात.

साहेबानं जबाब लिहून घेतला. आत्याबाईंनी अंगठा दिला, मी गंगा म्हणून सही केली. दाखव म्हणल्या. स्वतःचं नाव लिहिलेलं कसं दिसतं ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाह्यला, अन म्हणल्या, बरं दिसतं.

जागा मला लागली. आत्याबाई आता न्हाईत. मालक आजबी मला अगं ऐकलं का म्हणूनच हाक मारतात, आईचं नाव हाये, त्यांची तकलीफ मी समजते. पण अंगणवाडीतली लेकरं दिवसभर गंगामावशी, गंगामावशी करून बेंबीच्या देठापासून वरडतात, नाक पुसायला. देव त्यांचे गळे असेच ठेवो.