पाणी न्हाय म्हणून सांगितलं

हॅलो?... हॅलो, अंकिता? थांब बाई, मिक्सर बंद करते... हां, बोल आता. ऐकू येतंय का?

मी बरी हाय. तू रात्री जेवलीस का?... काय जेवलीस?... मॅगी हे काय जेवण हाय का गं? पगार कशाला मिळतो तुला त्या पुण्यात?... सोलापूरचं ऊन काय विचारतीस! पापड टाकला गच्चीवर की भाजूनच खाली येतोय.

कोण?... कुठली पोरगी?

हां, ती... आली की. सोमवारीच आली. म्हणजे सोलापुरात आली. आपल्याकडं न्हाय राहिली.

अगं ऐक ना... आधी ऐक तरी... हो, हो, मान्य हाय. तूच शब्द दिला होतास कीर्ती मॅडमला. त्यांना कुठं घर मिळंना, म्हणून तू आपली वरची खोली देऊ केलीस. तुझा पलंग, तुझं टेबल, तुझ्याच मॅडमच्या हाताखाली विद्यापीठात दोन महिने ज्वारीवर संशोधन करायला आलेली पोरगी. सगळं कळतंय मला.

मॅडमचा फोन आला तुला? कधी?... काय म्हणाल्या?

"काकूंना पाण्याचा त्रास हाय, त्यांना आग्रह करू नको"... असं म्हणाल्या? लई भली बाई हाय.

व्हय. मीच सांगितलं पाणी न्हाय म्हणून.

हसतीस काय?... ठाऊक हाय की आपल्याला बोअर हाय ते. नळाला चार-पाच दिवसांनी येतं, पण बोअरला... हो, गल्लीतल्या बायका आपल्याकडनं घागरी भरून नेतात, नागव्वा तर कपडे बी हितंच धुती... मोटार जरा आवाज करायली होती म्हणून... न्हाय, बंद न्हाय पडली... शपथ कशाला घालतीस गं सकाळी सकाळी?

सांगते. ओरडू नको. सांगते.

मॅडमनी फोटो पाठवला तिचा. व्हॉट्सॲपवर. आदल्या दिवशी.

तू मला म्हणाली होतीस परदेशी पोरगी. मी आपली मनात धरून बसले गोरीपान, भुऱ्या केसांची. नागव्वाला सांगून झालं, बँकेच्या पिग्मीवाल्याला सांगून झालं, दूधवाल्याला रोज अर्धा लिटर जास्त सांगितलं. काटे-चमचे आणले नवे. तुझ्या अण्णांना म्हटलं, गच्चीत बनियनवर हिंडू नका आता. आणि फोटो उघडला तर...

तर काय? तुला म्हाईत हाय की काय ते. तू का वदवून घेतीस माझ्याकडनं?

मलावी का कायसं. आफ्रिकेतली. नाव चिसोमो.

न्हाय गं, तसं न्हाय, मी म्हटलं तिचं खाणंपिणं काय असंल, गल्लीत पोरं मागं लागतील, रात्री-अपरात्री... हो, हे गोऱ्या पोरीला बी लागू होतं. व्हय... व्हय, तिच्यासाठी मी अर्धा लिटर दूध सांगितलं होतं... बरं, ऐक मग. काळी म्हणून. काळी हाय म्हणून न्हाय म्हटलं मी. झालं? पोट भरलं तुझं?

अंकिता... हॅलो?... हाईस ना गं?

बोल की. शिव्या दे हव्या तर.

...

ते कशाला काढतीस आता?... आठवतंय मला. नातेपुत्याचं स्थळ. पत्रिका जुळत न्हाय म्हणाले. आणि पत्रिका तर त्यांनी मागितलीच नव्हती... मी बी तेच म्हटलं होतं तेव्हा, की पोरगी सावळी म्हणून नको, हे तोंडावर सांगायची छाती न्हाय मेल्यांची. व्हय, मीच म्हटलं. आठ दिवस त्या बाईच्या नावानं बोटं मोडली मी. आणि तू मलाच समजावत होतीस, जाऊ दे आई म्हणून.

नको गं बाळा. पुरे. मी काय दगड हाय का, मला कळत न्हाय?

पण पुढचं तर ऐक. ते तुझ्या मॅडमला बी ठाऊक न्हाय.

परवा संध्याकाळी मी सिरियल लावून बसले होते. मोटार चालू करून विसरले. तर दारात रिक्षा थांबली. बघते तर ती! ही एवढी उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या, आणि हातात पाण्याचा जार. वीस लिटरचा गं, लग्नात ठेवतात तसला. रिक्षात अजून एक. मॅडमकडनं पत्ता घेतला म्हणं.

कशाला म्हणजे? माझ्यासाठी! "आंटी, नो वॉटर, सो आय ब्रिंग." आमच्या गावाला बी असंच पाणी जातं, मग माझ्या आईला लांबनं आणावं लागतं, असं काहीतरी सांगत होती. मला निम्मंच कळलं. निम्मंच कळलं तेवढं बरं झालं.

आणि तेवढ्यात वरनं टाकी भरून वाहायला लागली.

हसू नको. धोधो गं! गच्चीच्या पायपातनं सरळ तिच्या अंगावर. जार हातात, वरनं पाणी, बूट भिजले, पाठीवरची बॅग भिजली. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि ती काय म्हणाली सांगू? वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "आंटी! युवर वॉटर केम!" असं हसून. जसं काय माझ्या घरी पेढे वाटायचे होते.

मी काय म्हणणार? मी म्हटलं, येस, येस. जस्ट नाऊ केम.

व्हय... परत खोटं बोलले. तोंडातनं निघून गेलं.

चहा विचारला की. दारातच दिला. आत ये म्हणायला जीभ वळंना. दोन्ही जार ओट्याखाली आणून ठेवले तिनं, मला उचलू दिले न्हाय. गेली. तवापासनं तुझे अण्णा माझ्याशी बोलंना झालेत. ते गच्चीतनं बघत होते सगळं. जेवताना नुसतं एवढंच म्हणाले, वाढ.

जार?... हाईत की ओट्याखाली. भरलेलेच. पिववंना मला. भांड्याला वापरावं म्हटलं तर तेवढं बी धाडस होईना. रोज ओट्याला उभी राहिले की पायाला लागतात.

फोन करू? मी? काय बोलू इंग्रजीतनं?... तू बोल ना, तुला चांगलं येतं. सांग की आईची तब्येत बरी नव्हती...

बरं, बरं. न्हाय सांगायचं तसलं. चिडू नको.

थांब. बेल वाजली. दूधवाला असंल, दूध कमी कर म्हणून सांगायचं राहूनच... थांब, खिडकीतनं बघते.

अगं बाई. तीच हाय गं! चिसोमो! रिक्षा घेऊन आलीय. रिकामे जार परत न्यायला आली असणार, दुकानदाराला द्यायचे असतील... आणि हितं दोन्ही भरलेले! आता काय दाखवू तिला? अंकिता, मोरीत ओतून देऊ का पटकन? दोन मिनिटं लागतील. तिला वाटंल, वापरलं...

...

व्हय. कळलं. न्हाय ओतत.

फोन ठेवू नको हां. तू राहा. मी पदराखाली धरते... न्हाय, पदराखाली कशाला, हातातच धरते.

आले, आले! कमिंग!... कम, कम बाळा. आत ये. इनसाईड... चप्पल राहू दे गं... सिट... नो, नो, जार नंतर. फर्स्ट सिट.

अंकिता, खोटं बोलले म्हणायला काय म्हणतात?... लाईड? आय लाईड. बरं.

चिसोमो... वॉटर... माय हाऊस, वॉटर इज देअर. एव्हरी डे देअर. दॅट डे ऑल्सो देअर. आय... आय लाईड. टू यू. युवर... युवर फोटो आय सी, अँड आय लाईड. नॉट वॉटर. यू... 

न्हाय गं अंकिता, पुढचं न्हाय येत मला.

...

ती म्हणती, आय नो, आंटी.

टाकी बघून कळलं का तिला?... विचारते. दॅट डे यू नो? फ्रॉम टँक?... न्हाय म्हणती. आधीच. येताना रिक्षातच शंका होती म्हणती.

मग गं? मग पाणी कशाला आणलंस, पोरी? व्हाय यू ब्रिंग?... स्लो, स्लो बोल... हां... हां...

अंकिता. ती म्हणती, आपल्या आधी अजून तीन घरांनी तिला पाणी न्हाय म्हणूनच सांगितलं होतं. खरं कारण मॅडमनी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. म्हणती, चार घरं न्हाय म्हणाली, त्यात एखाद्या घरी तरी खरंच पाणी नसंल. ते घर तुमचं असावं, असं वाटत होतं म्हणती.

...

न्हाय, रडत न्हाय मी. ठेव फोन. आता मला इंग्रजी सांगू नको, अंकिता. ठेव.