झिरो माईलवर पुणं

त्या बाईचं नाव काढलं की आजही माझं डोकं तापतं. नातीला बघायला पुण्याहून मुलगा आणि त्याची आई आली होती. त्यांना नागपूर दाखवायला निघालो, तेव्हा सुनेनं मला बजावलं, "मुलाकडचे आहेत आई. सोयरीक मोडेल, तोंड उघडू नका."

महाल भागातलं जुनं गांधीगेट दाखवलं. बाई गाडीतूनच म्हणाल्या, "एवढंच? आमचा शनिवारवाडा बघा एकदा." फुटाळ्यावर काच चार बोटं खाली केली. "हे तळं? आमचं खडकवासला बघा." मी तोंड उघडलं की सून मांडीला चिमटा काढायची.

झिरो माईलला मीच गाडी थांबवली. मुलगा उतरला, मागोमाग मी, सून आणि नात. त्याला सांगत होते, की इंग्रजांनी इथून गावोगावची अंतरं मोजली आणि या दगडावर कोरली. तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "पुणं किती लिहिलंय हो?"

आता मात्र मी चिमट्याला भीक घातली नाही. "हैदराबाद आहे, जबलपूर आहे. पुण्याले कोणी विचारलंच नाही बाई! काहून, ते तुम्हालेच ठाऊक!"

सून पांढरी पडली. मुलगा फिसकन हसला, आणि नातीनं दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

बाई तरातरा उतरल्या. मे महिन्याचं ऊन, डोक्याला दुपट्टा नाही, आणि त्या दगडाभोवती फेऱ्या मारताहेत.

"आई, चल, नाहीये," मुलगा म्हणाला.

"थांब रे, मागच्या बाजूला असेल!"

मागच्या बाजूला छिंदवाडा होता.