सुनेनं गाडीला फिलम लावली तो रविवार

माझं माहेर झरीचं, तलासरीकडचं. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब म्हणून बापानं घरी बसवलं, आणि लग्न होऊन नरपडला आले तेव्हा समुद्र पहिल्यांदा बघितला. आवडला नाही. काय सांगू तुम्हाला, त्याची खारी हवा लोखंड खाते, खिडकीचे गज खाते, आणि आमची पहिली गाडी तर तिनं तळापासून खाल्ली, पत्रा बोटानं दाबला तरी आत जायचा.

ती गाडी माझी सून रंजना चालवायची. वाड्यांमधून चिकू गोळा करून डहाणूच्या बाजारात पोचवायची. नवी गाडी आली तशी म्हणाली, हिला मी घरीच फिलम लावणार. पारदर्शक असते, पत्र्याला कातडीसारखी चिकटते, मग खार रंगापर्यंत पोचत नाही. तिचा नवरा, माझा मुलगा दिनेश रेल्वेत आहे, त्याला घरातही साहेबच व्हायचं असतं. तो म्हणाला, हे काम वापीला दुकानात करतात, तू नवी गाडी खराब करशील. ती म्हणाली, नाही केली तर? तो म्हणाला, नाही केलीस तर गाडी तुझी, आणि केलीस तर सोमवारपासून ड्रायव्हर ठेवतो, तू घरात भाकऱ्या थाप. ती म्हणाली, कबूल. मला वाटलं, ही बाई वेडी आहे.

रविवारी सकाळी वारा पडलेला होता. तिनं गाडी पडवीत घेतली, तीनदा धुतली. पत्र्यावर साबणाचं पाणी फवारायचं, फिलमवर फवारायचं, ओली फिलम वर सोडायची आणि रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी काढत जायचं. जन्मभर मी अंगण सारवलं, हात कसा फिरवायचा ते मला कोणी शिकवायला नको, पण असा हात मी बघितला नव्हता. दरवाजे झाले, फिलम लावलीय हेही कळेना. बोनेटचा एकच तुकडा उरला. आई, बोनेटला हात लावू नका हं, असं मला सांगून ती चहा प्यायला आत गेली.

आणि मी लावला. नव्या वस्तूला कुंकू नको का? आमच्याकडे कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून मी ते तेलात कालवते. बोट टेकवलं, मग तिचं बोलणं आठवलं, म्हणून पदरानं पुसलं. लाल गेलं. तेल राहिलं.

तिनं फिलम टाकली, पट्टी फिरवली, सगळीकडे बसली आणि मधोमध रुपयाएवढा फुगा. दाबला की सरकायचा, सोडला की परत यायचा. दिनेश खुर्चीतून म्हणाला, बोलाव आता ड्रायव्हर. रंजना म्हणाली, माझंच पुसायचं राहिलं असेल. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण तिची गाडी हातची जात होती. मी म्हटलं, तिचं नाही, माझं, मी तेलाचं बोट लावलं. दिनेश म्हणाला, आये, तू? म्हटलं, हो मी, आता तू तोंड बंद ठेव.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, आई, समोरचं टोक धरा, ओढू नका. आम्ही दोघींनी फिलम अर्धी उचलली. तिनं पत्रा स्पिरिटनं पुसला, फिलमची खालची बाजू साबणाच्या पाण्यानं धुतली, पुन्हा सोडली, पुन्हा पट्टी. कोपरे केस वाळवायच्या मशीननं गरम करून बसवले. फुगा गेला. उन्हात तिरकं बघितलं तर पुसट डाग दिसतो, नाही म्हणत नाही.

सोमवारी चिकूच्या पाट्या दिनेशनंच रंजनाच्या गाडीत चढवल्या.

तिला शाबास मी त्या दिवशी म्हटलं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आता बाजारातले गाडीवाले तिला विचारतात, ताई, आमच्या गाडीला लावून देशील का? माझे गुडघे गेलेत, गाडीत चढताना मागून ढकलावं लागतं, ते तीच ढकलते. देवानं तिचे हात धड ठेवावेत. माझ्यासाठी काही मागायचं राहिलं नाही.