पत्र्याच्या माणसाची चावी

“हॅलो?… हो, अमरावतीच… मीच सिस्टर इंदूबाई… ट्रंक? अकोल्याहून?… जोडा ना बाई, जोडा… हॅलो… हॅलो…”

प्रसूतिगृहातला फोन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर असे. डॉक्टरीणबाई नसल्या की तो इंदूबाई घेत, आणि घेत त्या उभ्यानेच. बसून फोन घेतला की बोलणं लांबतं असा त्यांचा अनुभव होता. शिवाय ट्रंक कॉल म्हणजे तीन मिनिटांचा कारभार. तीन मिनिटं झाली रे झाली की एक्स्चेंजमधली बाई मध्येच टपकून वाढवायचं का म्हणून विचारते आणि चांगल्या बोलण्याचा विचका करते.

“जयभीम गुरुजी, जयभीम!… येते ना ऐकू… अजी, वरडू नका तुमी… तो आवाज? लेकरं आहेत ती. इथी दिवसभर हाच बँड वाजते… हो, सुखरूप पोचलो. गाडीले गर्दी होती, पण भेटली जागा… मनकर्णाबाई बऱ्या आहेत ना?… बरं, बोला.”

नत्थुजी गुरुजी अकोल्याच्या एका शाळेचे हेडमास्तर. त्यांची मुलगी तारा तिथल्याच टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला. मागच्या रविवारी इंदूबाई आपल्या धाकट्या भावाला, देवमनला, घेऊन तिला पाहायला गेल्या होत्या. देवमन कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. आईबापांच्या मागे इंदूबाईंनीच त्याला वाढवलं, आणि आता त्याचे दोनाचे चार हात झाले की आपण सुटलो असं त्या ज्याला त्याला सांगत. याआधीची स्थळं आली तशी गेली. ही मुलगी मात्र इंदूबाईंच्या मनात भरली होती. आठवड्याभरात कळवतो, असं गुरुजी म्हणाले होते, आणि इंदूबाईंनी मनातल्या मनात जेवणावळीचा बेतसुद्धा ठरवून टाकला होता.

“काय?… परत सांगा… नाही जमत?… काहून वो गुरुजी?… नाही नाही, आमी कुठी काही मागितलं… देवमन?… देवमननं काय केलं?… सिनेमात?…”

आता त्या सिनेमाचं असं झालं. पोहे झाले, चहा झाला, तरी परतीच्या गाडीला वेळ होता. ताराचे मामा जानराव हौशी गडी. ते म्हणाले, चला, पाहुण्यांना सिनेमा दाखवू. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार! टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी, मध्ये लाकडी कठडा. इकडे इंदूबाई, तारा आणि तिची आई मनकर्णाबाई बसल्या, तिकडे पुरुष. मोठ्या सिनेमाआधी एक कार्टून लागलं. लोक अजून जागा शोधत होते, शेंगा घेत होते. तेवढ्यात त्या अंधारात देवमन एकदम हसला. साधंसुधं नव्हे, खो खो हसला.

“हो, हसला. मान्य… जोरानं हसला… टाळ्याबी वाजवल्या… डोळे पुसले? आता हसता हसता येतेच पाणी… मिरगी?… फेफरं आलं म्हणता?… गुरुजी, मी नर्स आहे. मिरगी आली का माणूस टाळ्या वाजवते का?… नाही, घराण्यात कोणी तसं नाही… कोण, आमचा आजा? तो भजनात नाचे, गुरुजी. ते येडेपण नव्हे… अजी पण ऐका ना… ऐका तर…”

खरं म्हणजे देवमन कशाला हसला हे टॉकीजमध्ये इंदूबाईंनाही कळलं नव्हतं. परतीच्या गाडीत त्याने बडनेरा येईपर्यंत तेच समजावून सांगितलं. चंद्रावर तेव्हा अजून कोणी माणूस गेला नव्हता, पण देवमनच्या खोलीतून जाऊन आला होता म्हणायला हरकत नाही. भिंतभर अग्निबाणांची कात्रणं होती.

“सांगते ना… तो उंदीर राकेटात बसून चंद्रावर गेला, पाह्यला ना तुमी?… नाही पाह्यला? मंग काय पाहून राहिले होते?… जानरावभाऊले शेंगा खायची मनाई करून राहिले होते. बरं… तर तिथी चंद्रावर एक पत्र्याचा माणूस पडला असते. हात असा पुढे करून… तो या कार्टूनचा नाहीच मुळी. तो जुन्या सिनेमातला. तंबूत दाखवत पाहा गावोगाव, पंधरा वर्सं झाली असन… त्याच्यात चार जण चंद्रावर जातात, संग हा पत्र्याचा नोकर. पाठीत चावी दिली का काम करते. परत निंगायच्या वक्ती त्याची चावी पडते, हातभर दूर. तो हात लांब करते, पुरत नाही. अन् हे लोक त्याले तसंच टाकून येतात… हो, संपला सिनेमा… आता कार्टूनवाल्यानं काय केलं, तर तोच माणूस तिथी ठेवला. तसाच, हात पुढे करून. उंदरानं खिशातून गजराच्या घड्याळाची चावी काढली, फिरवली त्याच्या पाठीत, अन् हा उठला. धूळ झटकली अन् मनगटाकडं पाह्यलं, का किती उशीर केला बाबा म्हणून… त्याच्यावर हसला देवमन…”

“यात काय हसायचं म्हणता?… मलेही नव्हतं समजलं… पण ज्यानं तो जुना पाह्यला त्याच्यासाठीच ठेवलं असन ते. बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं, अन् याले वाटलं आपल्या घरचं कोणी भेटलं… तुमी नाही पाहत असले खेळ. बरं…”

आणखी एक गोष्ट इंदूबाईंच्या जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली. तंबूतला तो सिनेमा पाहून आल्यावर पोरसवदा देवमनने घरातल्या एकुलत्या घड्याळाची चावी कौलांवर नेऊन ठेवली होती. पत्र्याच्या माणसाला वरून दिसावी म्हणून! घड्याळ बंद पडलं, देवमनने मार खाल्ला, पण चावी कुठे आहे ते काही सांगितलं नाही. हे ऐकलं असतं तर गुरुजींनी मिरगीवर न थांबता थेट नागपूरच्या पागलखान्याचं नाव घेतलं असतं.

“कोण?… बायकांच्या बाजूची?… हो, हसली खरी कोणी तरी… खिदळली म्हणजे, गुरुजी… बिनालाजेची काहून म्हणता? अंधारात काय समजते… नाही. मी नाही ओळखत तिले.”

हे साफ खोटं होतं. त्या अंधारात देवमन हसला त्याच क्षणाला इंदूबाईंच्या शेजारून हसू फुटलं होतं. ताराने तोंडात पदर कोंबला, तरी ते बाहेर आलंच. मनकर्णाबाईंना वाटलं पोरीला ठसका लागला, त्यांनी पाठीवर थापट्या मारल्या. गुरुजी तिकडून मान वळवून कोण बाई ती म्हणून पाहू लागले, तेव्हा ताराने इंदूबाईंचा हात घट्ट धरला. “ताई, बाबाले सांगू नका,” ती म्हणाली. इंदूबाईंनी मान हलवली होती. खाटेवरच्या बाईचं गुपित बाहेर काढायचं नाही, ही त्यांची रीत. टॉकीजमधल्या बाईला वेगळी रीत कशी लावणार?

पण आता मोठी पंचाईत झाली. एक शब्द सांगितला तर भावाचं लग्न वाचत होतं, आणि तोच शब्द सांगायचा नव्हता.

“दुसरं स्थळ?… कचेरीत आहे… गंभीर आहे?… तब्येतीनं का स्वभावानं?… नाही, विचारते आपली… पण ताराले विचारलं का तुमी?… विचारायचं काय म्हणजे? लग्न तिचं आहे ना… थांबा हं जरा, होल्ड करा…”

चतुराबाई दाई दारात उभी होती. इंदूबाईंनी फोनच्या तोंडावर हात ठेवला. “कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईले पेज दे. अन् तिच्या सासूले सांग, लाडू नंतर. काही मरून नाही राहिली ती लाडवावाचून… हं, जाय… हॅलो, बोला गुरुजी… ड्युटीवर गेली?… तिच्या कानावर पडू नये म्हणून ती ड्युटीवर गेल्यावर फोन केला… असं का.”

इंदूबाई बोलता बोलता थांबल्या. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मिरगीच्या बोलण्यातच संपली असतील. तरी एक्स्चेंजची बाई मध्ये बोलली नव्हती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी फोन कानाशी दाबून धरला. गुरुजी तिकडे बोलतच होते, आणि त्यांच्या बोलण्याच्या मागे कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत येणारा. रडू आवरणाऱ्या बाईचा श्वास इंदूबाईंना झोपेतही ओळखता आला असता.

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

“गुरुजी, एक विचारू?… ताराले काम कोणतं असते तिथी?… ट्रंक जोडायचं… अकोल्याहून बाहेर जाणारे… नाही, सहज विचारलं.”

गुरुजींनी अर्ध्या अकोल्याला गणित शिकवलं होतं, पण हा एवढा हिशोब काही त्यांच्या ध्यानात आला नाही. मुलीला कळू नये म्हणून त्यांनी मुलीच्याच हातून फोन जोडून घेतला होता. इंदूबाईंना हसूही आलं आणि त्या पोरीची दयाही आली. वाढवायचं का, एवढं सोडून ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. बापाने तक्रार केली नाही तरी दुसरं कोणी करू शकतं, सरकारी नोकरी आहे. तिला नावाने हाक मारून ओढायचा आपल्याला काय अधिकार? इंदूबाईंनी आवाज नेहमीसारखा ठेवला आणि त्या सावकाश बोलल्या. आता त्या गुरुजींशी बोलत होत्या, पण नुसत्या गुरुजींशी नाही.

“ठीक आहे गुरुजी. तुमी नाही म्हणता, तर नाही. मी देवमनले सांगते… नाही, राग कायचा?… फक्त त्या बाईले नावं ठेवू नका… देवमन गाडीत काय म्हणे, सांगू?… म्हणे, अक्का, इतकी वर्सं मले वाटे, त्या पत्र्याच्या माणसासाठी आपणच एकटे रडलो. आज पलीकडून कोणीतरी हसलं. अजून एक जण आहे… म्हणून डोळे पुसले त्यानं. मिरगीनं नाही… कोण होती ते त्याले माहीत नाही. मी सांगितलं नाही, अन् सांगणारबी नाही. आपलं आपण सांगावं माणसानं. नसन सांगायचं, तर तेबी ठीक.”

एवढं बोलून त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. तारेत नुसती खरखर होती. मग खुट्ट झालं, आणि इंदूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“…हॅलो… गुरुजी, आहे ना तुमी?… मी नाही बोलली. मी तोंडबी नाही उघडलं. तुमची पोरगी बोलली… कुठून म्हणजे? बोर्डावरून. तुमचा फोन तिनंच तर जोडला… हो, पयल्यापासून सारं ऐकलं तिनं… ती खिदळणारी बाई मीच होती, असं म्हणे ती. तुमी ऐकलं ना? मीबी ऐकलं… आता तिच्यावर वरडू नका, ड्युटीवर आहे ती… तारा, ए पोरी, रडू नको वं… गुरुजी, बोला ना काही… गुरुजी?…”

वॉर्डात एक लेकरू रडायचं थांबलं, दुसरं सुरू झालं.

“काय म्हटलं?… हळू बोलून राहिले तुमी, काही समजत नाही… तंबू?… तोच सिनेमा?… कुठी, बार्शीटाकळीले?… तवा तिथी मास्तर होते तुमी… अन् तुमीच घेऊन गेले होते तिले… बापा!… नाही, होते असं. माणूस इसरते… खांद्यावर बसवून आणलं… घर येईपर्यंत रडली… जेवलीबी नाही… मंग तुमी काय सांगितलं तिले?…”

इंदूबाई ऐकत राहिल्या. गुरुजी थांबत थांबत बोलत होते, वर्गात कधीच बोलले नसतील तसं.

“…रडू नको, कोणी तरी जाईन अन् त्याले चावी देईन… असं सांगितलं तुमी… मंग ते झालंच ना, गुरुजी. त्याच्यावरच हसली ती.”

एका कार्टूनच्या उंदरापायी आपल्याला रडू यावं याचं इंदूबाईंना मनापासून आश्चर्य वाटलं. त्यांनी पदराने नाक पुसलं.

“हो… हो, तो सिनेमा आहे ना अजून लागलेला. तुमच्याच गावात तर आहे… या रविवारी?… देवमनले घेऊन?… येतो, येतो ना… पण पयल्यापासून बसायचं, कार्टून आधीच असते. अन् जानरावभाऊले खाऊ द्या शेंगा, तिकडं नका पाहू… तो हसन, गुरुजी. आताच सांगून ठेवते, तो परत हसन… अन् पलीकडूनबी कोणी हसन… बरं… बरं, ठेवू मंग?… काय?…”

गुरुजींना अजून एक विचारायचं होतं. ते त्यांनी दोनदा विचारलं.

“हो, गुरुजी. भेटली त्याले चावी… हो, खरंच. उठला तो… चांगला आपल्या पायानं उठून उभा राह्यला… हॅलो?… तारा?… हॅलो…”

लाइन गेली होती.