गुलाबी साडीची नोटीस

कुंदनभाऊ : धर्मेंद्र, तुला कामावरून काढलंय. बस, चहा घे. तसं काही झालेलं नाही.

धर्मेंद्र : मग उद्या येऊ की नको, मॅनेजरसाहेब?

कुंदनभाऊ : साहेब काय म्हणतो? भाऊच म्हण. ये ना भो! मिलमध्ये कॉम्प्युटर तुलाच येतो. पण कामगारांसाठी लावलेली नोटीस वेबसाईटवर कशी गेली?

धर्मेंद्र : शेठ म्हणाले, 'नव्याण्णव साल लागलंय, वेबसाईटवर रोज नवीन काहीतरी पाहिजे.' आपल्या डाइंग मिलमध्ये रोज नवीन फक्त तुमची नोटीस असते. स्कॅन केली, टाकली.

कुंदनभाऊ : अरे, काय लिहिलं होतं तिच्यात! 'गुलाबी साडीचा रंग जातो. पार्टीसमोर साडी ओली करू नये.'

धर्मेंद्र : मराठीत होती, भाऊ. म्हटलं, दुबईत कोण वाचतंय?

कुंदनभाऊ : दुबईच्या पार्टीचा मुनीम अमळनेरचा निघाला. वाचली, आणि साडी बादलीत बुडवली.

धर्मेंद्र : मग?

कुंदनभाऊ : बादली गुलाबी. शेठ म्हणाले, 'दुबईनुं पाणी ज एवुं छे.' म्हणे दुबईचं पाणीच तसं!

धर्मेंद्र : आत्ता काढून टाकतो ती नोटीस.

कुंदनभाऊ : हात लावू नको! काढली तर खरी ठरेल. शेठनी फोनवर सांगितलंय, एका माणसाने रागात खोडी केली, त्याला काढलंय. पार्टीला पुरावा पाहिजे. तुला काढल्याची नोटीस वेबसाईटवर टाक. फोटोसकट.

धर्मेंद्र : मला काढल्याची नोटीस मीच टाकू?

कुंदनभाऊ : दुसऱ्या कोणाला येते? पगार चालूच राहील. आतून तू नोकरीत, बाहेरून काढलेला. आतलं आत, बाहेरचं बाहेर. शेठ सकाळपासून हेच ओरडताहेत.

धर्मेंद्र : भाऊ, रविवारी हर्षदाकडचे मला बघायला येताहेत. तिच्या भावाचं डिंडोलीत सायबर कॅफे आहे.

कुंदनभाऊ : तो कशाला बघायला जाईल आपली वेबसाईट?

धर्मेंद्र : पत्ता मीच दिलाय. नोकरी पक्की आहे, याचा पुरावा म्हणून.

(दोघांचा चहा गार होतो.)

कुंदनभाऊ : पोरगी पसंत आहे का?

धर्मेंद्र : मला आहे. तिचं रविवारी कळणार होतं.

कुंदनभाऊ : मग घे लेटरहेड. लिही. 'चि. हर्षदा यांच्या समस्त वडीलधाऱ्यांस नम्र विनंती की, मुलगा पाहावा, वेबसाईट पाहू नये. पाहिली असल्यास, ती पाहिली नसल्याचे रविवारपूर्वी या कार्यालयास लेखी कळवावे.'