अंगणातला दिवा

थोरा : परत तेच? अहो जावईबापू, किल्ली फिरवून फिरवून बॅटरीचा जीव जाईल.

ग्रँट : इंजिन गारठलंय, आई. बाहेर उणे पस्तीस आहे.

थोरा : माझा नवरा होता तेव्हा मॅनिटोबात काय थंडी पडत नव्हती? लारस एकदा किल्ली फिरवायचा, ट्रॅक्टर सुरू.

ग्रँट : काल रात्री इंजिन रात्रभर गरम ठेवणाऱ्या हीटरचा प्लग लावूनच झोपलो मी.

थोरा : लावला असेल. विनिपेगच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनचा लावता, तसा.

ग्रँट : हा बघा, अजून लावलेलाच आहे.

थोरा : मला प्लग नका दाखवू. कालपासून गाई उपाशी उभ्या आहेत. गवताचे गठ्ठे तुमच्या पाठीवर देऊ? दुपारपर्यंत हे धूड हललं नाही, तर व्यापाऱ्याला फोन करून गाई देऊन टाकते. तुम्ही आपली बॅग भरा. लेकीलाही न्या माझ्या.

ग्रँट : थांबा. हा हातदिवा याच तारेला लावून बघतो... पेटत नाही. तारेत वीजच नाही.

थोरा : घ्या. आता विजेवर ढकला.

ग्रँट : ही तार वर अंगणातल्या दिव्याला जोडलीय. त्या दिव्याचा खटका कुठे आहे, आई?

थोरा : स्वयंपाकघराच्या दाराशी. झोपताना मीच बंद करते. रात्रभर कोणासाठी जाळायचा, कोल्ह्यांसाठी?

ग्रँट : त्याच खटक्यावर हीटर चालतो. तुम्ही दिवा बंद केलात, की हाही बंद.

थोरा : काहीतरीच. लग्न होऊन आले तेव्हापासून बंद करतेय. लारसचा ट्रॅक्टर कधी अडला नाही.

ग्रँट : मग तुम्ही झोपल्यावर ते उठून चालू करत असणार. आणि पहाटे तुमच्या आधी उठून बंद.

(थोरा ट्रॅक्टरच्या पायरीवर बसते.)

थोरा : उठायचा. थंडीत रोज रात्री उठायचा. विचारलं की म्हणायचा, लघवीला. गळका नळ म्हणायचे मी त्याला. चारचौघांत.

ग्रँट : सांगितलं का नाही त्यांनी?

थोरा : सांगून बघितलं असेल. मी कुणाचं ऐकते?

ग्रँट : खटका लावून येतो. तापायला दोन-तीन तास जातील. तोवर घसरगाडीवरून थोडं थोडं गवत नेऊ.

थोरा : थांब, मीही येते. हात दे.

ग्रँट : ट्रॅक्टर सुरू झाला की दिवा बंद करतो. भर दिवसा कशाला उगाच.

थोरा : राहू दे रे. आज राहू दे चालू.