वॉल्व्हचं विसर्जन

वारज्यातल्या गॅरेजच्या बाकावर तनुजा स्कूटर दुरुस्त होण्याची वाट पाहत होती. समोर जुन्या डिझेल जिपेचे मालक विक्रमराव मेकॅनिक संपतरावांची मनधरणी करत होते.

"उद्या पासिंग आहे हो! प्रदूषण कमी करणारा ईजीआर वॉल्व्ह काढलेला दिसला, तर गाडी भंगारात जाईल. तो परत बसवा."

"इंजिनाला स्वतःचाच धूर पुन्हा प्यायला लावणं अमानुष आहे, असं म्हणून आपणच काढायला लावलात."

"चुकलं."

"आणा वॉल्व्ह."

"नाहीये. जीपवाल्या मित्रांनी ढोल-ताशे लावून नदीत विसर्जन केलं."

"सोडताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणालात?"

"म्हणालो, पण..."

"मग बसा वाट पाहत. ताई, आपली स्कूटर झाली. यांना बाक मोकळा करून द्या."